हात चाकावर, नजर समोर

मोहोळ गाव मागे पडलं तरी राजमणीअक्काचं तिसरं वाक्य काही बसेना.

पहिली दोन तिला पाठ होती. 'माझं नाव राजमणी नरसय्या गुंडेटी. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते.' दोन्ही वाक्यं खरी असल्यामुळे ती घडाघडा येत होती. तिसरं होतं, 'मला शिलाई मशीन मिळालं आणि मी स्वतःच्या पायावर उभी राहिले.' तिथवर आलं की अक्का बसच्या खिडकीतून बाहेर बघायला लागायची.

"मिळालं कुठं गं, बुज्जी?" ती म्हणाली. "फोटो काढले आणि परत नेलं की."

"आज मिळणार आहे ना. स्टेजवर, साहेबांच्या हातून."

"मग मिळाल्यावर बोलते."

"आधी बोलायचं, मग मिळतं. तसंच असतं ते अक्का."

आमचं हे बोलणं तेलुगूत चाललं होतं. बसमधल्या पन्नासजणींची घरची भाषा तीच होती. परकी म्हणावी तर मीच, होनराव आडनावाची. पण माझं तेलुगू शिकलेलं नव्हतं, ते अन्नाबरोबर पोटात गेलेलं होतं. आई सरकारी दवाखान्यात नर्स, वडील एसटीत कंडक्टर. दोघांच्या ड्युट्या सांभाळता सांभाळता मला सांभाळायला घरात कोणी उरत नसे. शेजारच्या खोलीत नरसय्याबावा नवीन लग्न करून आले होते. त्यांची बायको, म्हणजेच राजमणीअक्का, दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची आणि मला समोर बसवून आमटीभात भरवायची. ती मला बुज्जी म्हणायची. बुज्जी म्हणजे छोटी, लाडाची. शाळेत जाईपर्यंत मला भूक तेलुगूतच लागायची आणि रागही तेलुगूतच यायचा. पुढे मी छत्तीस वर्षांची झाले, माझ्या नवऱ्याला टक्कल पडलं, तरी अक्काच्या तोंडी मी बुज्जीच राहिले.

आता माझ्या धंद्याविषयी सांगते. आपल्याकडे बारशापासून शोकसभेपर्यंत माइक लागतो आणि माइकपाशी दोन ओळी म्हणणारं माणूस लागतं. ते माणूस मी. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून सुरुवात केली, मग गणेश मंडळं, मग पतसंस्थांचे वर्धापनदिन. एकदा शिवशरणभाऊंनी मला ऐकलं. ते सत्ताधारी पक्षाचे जिल्ह्याचे प्रचारप्रमुख. कार्यक्रम संपल्यावर म्हणाले, "ताई, तुमच्या आवाजात देश आहे." एवढं मोठं वाक्य कोणी तोंडावर फेकलं तर शहाण्या बाईने आधी मागे कोणी उभं आहे का ते बघावं. मी मात्र ते खरं मानलं आणि दुसऱ्या दिवसापासून पक्षाच्या सभांना जाऊ लागले.

भाऊंचं सांगणं सोपं असायचं. दोनच गोष्टी बोलायच्या, देशाची एकता आणि देशाची अर्थव्यवस्था. अर्थव्यवस्था पळते आहे, पण ती पळायला एकता लागते. महागाई, बंद पडलेले माग, असले प्रश्न जो काढतो तो वेग अडवतो. वेग अडवतो तो एकी मोडतो. आणि एकी मोडणारा कोण ते लोकांनी ठरवावं, आपण नाव घ्यायचं नाही. या साखळीत मधली एक कडीच नाही हे मला तेव्हाही कळत होतं. पण आवाज चांगला असला की न जोडलेलंही जोडल्यासारखं ऐकू येतं, आणि माझा आवाज फार चांगला होता.

त्याच वर्षी जूनमध्ये आमच्याकडे एका मंगल कार्यालयात मशीनवाटप झालं. साठ बायका होत्या आणि मशिनं बारा. बाकीची वाटेत आहेत, घरपोच येतील, असं सांगून भाऊंनी एकेकीला मशीनमागच्या स्टुलावर बसवून फोटो काढायला लावले. सूत्रसंचालन अर्थातच माझं. बायका बावरून कुठेही बघायच्या, म्हणून मी माइकवरून सूचना देत होते, "हात चाकावर, नजर समोर, चेहरा हसरा." साठ वेळा म्हटलं असेन. शेवटी शेवटी सभागृह माझ्याबरोबर म्हणायला लागलं आणि खूप हशा झाला. संध्याकाळी बाराच्या बारा मशिनं टेम्पोत चढून पुढच्या तालुक्याला गेली. त्या साठजणींत राजमणीअक्का होती. तिची पाळी आली तेव्हा मी माइक बाजूला घेऊन तिला डोळा मारला होता.

ऑगस्टमध्ये साताऱ्याकडे मोठा विभागीय मेळावा ठरला. चार जिल्ह्यांतून माणसं येणार होती आणि स्वतः साहेब, म्हणजे मंत्री, येणार होते. सूत्रसंचालन मला मिळालं. जिल्ह्याबाहेर पहिल्यांदाच. भाऊ म्हणाले, लाभार्थ्याचं मनोगत ठेवायचंय, एखादा चेहरा सुचवा. साधा, कष्टाळू. तेलुगू असली तर फारच छान, एकतेचा मुद्दा वेगळा मांडायला नको. आणि हे नीट पार पडलं तर तुम्हाला राज्याच्या सांस्कृतिक आघाडीवर घ्यायचं माझ्या डोक्यात आहे.

मी त्याच संध्याकाळी अक्काकडे गेले.

नरसय्याबावा दारातच बसले होते. एकतीस वर्षं त्यांनी एकाच शेडमध्ये टॉवेलचे माग चालवले. मालकाने ते माग वजनावर भंगारात काढले तेव्हा बावा दिवसभर शेडसमोर उभे राहून गॅसकटरने त्यांचे तुकडे होताना बघत होते म्हणे. छातीत कापसाची फुकी, मागावर उडणारी बारीक पूड, भरलेली, दहा पावलं चालले की धाप. आणि अक्काची बोटं आखडायला लागली होती. हजार विड्यांना आता दीड दिवस लागे. टॉवेलच्या कडा शिवायचं काम घरी मिळत होतं, पण ज्या बाईचं स्वतःचं मशीन आहे तिलाच. तेव्हा ते मशीन म्हणजे त्या घराचं दोन वेळचं जेवण होतं, आणि हे मला नीट माहीत होतं.

अक्काने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "खोटं बोलावं लागेल का?"

मी म्हणाले, "खोटं कसलं? दोन तास आधीचं खरं."

माझं मलाच ते वाक्य आवडलं. कुठेतरी वापरावं म्हणून मी ते मनात जपूनसुद्धा ठेवलं.

मेळाव्याच्या मैदानावर बारा वाजता पोचलो. साहेब साडेतीनला आले. तोवर मी माइकवर काय काय केलं ते आठवलं तरी कानांच्या पाळ्या तापतात. घोषणा दिल्या, चारोळ्या म्हटल्या, उन्हात बसलेल्या बायकांना 'थकलात का' विचारून 'नाही' म्हणायला लावलं. आमच्या बसमधल्या बायका मंडपाच्या पार शेवटी, बांबूच्या कठड्यापाशी बसल्या होत्या. स्टेजवर डाव्या बाजूला एक शिलाई मशीन ठेवलं होतं, झेंडूचा हार घातलेलं. एकच. अक्का माझ्या मागच्या खुर्चीवर बसून त्याच्याकडे बघत होती. तिने लग्नातली हिरवी साडी नेसली होती आणि कपाळावर मोठं कुंकू लावलं होतं.

साहेबांचं भाषण झालं. अर्थव्यवस्था कितवी होती आणि कितवी होणार, हा देश एक आहे आणि एकच राहणार, काही लोकांना ते बघवत नाही, ते लोक तुमच्या आसपासच आहेत, त्यांना ओळखा. टाळ्या भरपूर झाल्या. मग मी अक्काचं नाव घेतलं. हाताला धरून तिला माइकपाशी आणलं, आणि माइक तिच्या उंचीला खाली केला.

पहिलं वाक्य छान आलं. दुसरं आलं. तिसऱ्याला ती म्हणाली, "मला शिलाई मशीन..." आणि थांबली. हारातल्या मशीनकडे बघितलं. मग तिने लोकांकडे पाठच केली म्हणा ना, आणि माझ्याकडे वळून तेलुगूत बोलायला लागली. माइक तिच्या हनुवटीशीच होता, त्यामुळे सगळं मैदानभर गेलं.

तिचे शब्द मला आजही जसेच्या तसे सांगता येतात. ती म्हणाली, "बुज्जी, मला ते खोटं येत नाही गं. यांना सांग, मशीन अजून मिळालं नाही. जूनमध्ये फोटो काढला आणि परत नेलं. आम्हा साठजणींचं तसंच झालं. माग भंगारात गेले, घरातला माणूस बसून आहे. आज हे मशीन देत असाल तर फोटो काढल्यावर नेऊ नका म्हणावं. माझी मराठी गावंढळ आहे, तुझ्यासारखी गोड नाही. तू नीट सांग. नुव्वु चेप्पु, बुज्जी."

नुव्वु चेप्पु. तू सांग.

मैदानात कोणाला काही कळलं नव्हतं, फक्त एक म्हातारी बाई काहीतरी कळवळून बोलली एवढंच. शेवटच्या कठड्यापाशी मात्र आमच्या बसमधल्या बायका ताठ बसल्या होत्या. साहेबांनी पुढचा माइक उचलून हसत विचारलं, "काय म्हणतायत माउली?"

जिन्याशी उभ्या असलेल्या भाऊंनी हाताने गोल केला. म्हणजे आवरा.

मी विचार केला असं म्हणायची सोय नाही. विचार करायला वेळ लागतो आणि मला अजिबात वेळ लागला नाही, याचीच लाज जास्त आहे. भीती वाटली म्हणावं तर तेही खरं नव्हे. मला एक चांगली संधी दिसली आणि मी ती घेतली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"साहेब," मी म्हणाले, "त्या म्हणतायत, मला मशीन मिळालं, माझं घर उभं राहिलं. मराठीत सांगताना शब्द अपुरे पडतात, म्हणून मी माझ्या आईच्या भाषेत या देशाला आशीर्वाद देते. माझ्या लेकरांचा देश एक राहो, आणि त्याला कोणाची दृष्ट न लागो." आणि आवाज थोडा खाली आणून मी चारोळी म्हटली. ती रात्रीच लिहून ठेवली होती, फक्त जागा सापडत नव्हती.

"धागे निराळे, चादर एक,
बोली निराळी, भाकर एक,
उसवू पाहील जो कोणी तिला,
शिवायला इथे हात अनेक."

असा टाळ्यांचा आवाज मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही. लोक उभे राहिले. साहेबही उठले, त्यांनी स्वतःच्या खांद्यावरची शाल अक्काला पांघरली आणि वाकून तिच्या पायाला हात लावला. फोटोवाले धावले. अक्काला मराठी उत्तम कळत होतं. बोलताना अडखळायची, पण कळण्यात काही कमी नव्हतं. या सगळ्या गोंधळात ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. लहान मुलाने भर बाजारात हात सोडून पळावं आणि आईने आधी समजायचाच प्रयत्न करावा, तसं.

मग तिला मशीनमागच्या स्टुलावर बसवलं. साहेब शेजारी उभे राहिले. कोणीतरी म्हणालं इकडे बघा. अक्काने आपण होऊन हात चाकावर ठेवला.

निघताना मी भाऊंना मशीनचं विचारलं, हे मात्र सांगितलं पाहिजे. ते म्हणाले, बसमध्ये मावणार नाही, सामानाच्या ट्रकने येईल. मी मान डोलावली. बसमध्ये माझ्याशी कोणी बोललं नाही. अक्का पुढच्या बाकावर एकटी बसली होती आणि शाल तिने घडी करून मांडीवर ठेवली होती. अर्धा रस्ता झाल्यावर मागून एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "होनरावांच्या पोरीचा आवाज खरंच फार गोड हो." मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत साहेब वाकल्याचा फोटो आला. आठवड्याने पूर्व भागातल्या चौकात मोठा फलक लागला. अर्ध्या फलकावर अक्काचा चेहरा, खाली माझी चारोळी. माझं नाव नव्हतं, त्याचं मला वाईट वाटलं. हो, त्या वेळी मला वाईट कशाचं वाटलं तर त्याचं.

मशीन आलं नाही. अक्का तीन वेळा कार्यालयात जाऊन आली. तिथल्या माणसाने तिला यादी दाखवली. तिच्या नावापुढे 'लाभ दिला' असं लिहून बरोबरची खूण होती. तो म्हणाला, अहो आजी, तुम्हाला तर साहेबांच्या हातून मिळालं, सगळ्या महाराष्ट्राने बघितलं, आता दुसरं कसं देणार? टॉवेलवाल्या शेठकडे ती निदान शेडमध्ये बसून शिवायचं काम मागायला गेली, तर तोही म्हणाला, तुझा फोटो चौकात आहे, तुला काय कमी, गरजूंना येऊ दे. हे मला नंतर कळलं. माझ्याकडे ती आली तेव्हा यातलं काहीच बोलली नाही.

गणपती होऊन गेले होते. दुपारी चारची वेळ. शिवशरणभाऊ माझ्याकडे चहाला आले होते आणि आघाडीवर माझी नेमणूक झाल्याचं पत्र टीपॉयवर उघडं पडलं होतं. दार लोटलेलंच होतं. अक्का आत आली, भाऊंना बघून दारापाशीच थांबली. मी बस म्हणाले. ती बसली नाही.

"बुज्जी," ती तेलुगूत म्हणाली, "एकच विचारायला आले. त्या दिवशी स्टेजवर मी बोलले, ते तुला कळलं नव्हतं का?"

किती दिवस घोकून ती हे विचारायला आली असेल, कोण जाणे. आणि विचारताना तिने माझ्यासाठी वाट ठेवली होती. कळलं नव्हतं का, असं ती म्हणाली. कळलं होतं ना, असं म्हणाली नाही. मी कळलं होतं म्हणाले असते, पाय धरले असते, भाऊंना तिथल्या तिथे मशीनचं विचारलं असतं, तरी चाललं असतं. भाऊ बशीतून चहा पीत होते. त्यांना तेलुगू येत नव्हतं. मला येतं हेही त्यांना नीट ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी अंदाजाने वेळ मारून नेली असंच ते सगळ्यांना कौतुकाने सांगत.

"काय म्हणतात आजी?" भाऊंनी विचारलं.

मी अक्काकडे बघून मराठीत म्हणाले, "अक्का, तेलुगू विसरले गं मी. लहानपणीचं कुठं राहतं?"

जिने मला बोलायला शिकवलं तिच्या तोंडावर मी सांगत होते की तुझं मला काही कळत नाही. तिने पदर खांद्यावर ओढून घेतला, आणि माझ्याशी जन्मात पहिल्यांदा ती मराठीत बोलली.

"असंल," ती म्हणाली. "ल्हानपणचं नाही राहत." मग भाऊंना नमस्कार केला, मलाही केला. "येते बाई."

भाऊ म्हणाले, चांगली बाई आहे, पुढच्या मेळाव्याला पुन्हा घेऊ. मी त्यांना आणखी चहा विचारला.

पुढची तीन वर्षं मी राज्यभर फिरले. ती चारोळी इतक्या ठिकाणी म्हटली की काही लोकांना ती लोकगीत वाटायला लागली. मग निवडणूक झाली, साहेब पडले, भाऊंनी पक्ष बदलला. नव्या पक्षालाही एकता आणि अर्थव्यवस्थाच हवी होती, त्यांनी मला बोलावलंही. मी घसा बसल्याचं सांगितलं. बाणेदारपणा वगैरे काही नव्हता तो. एका सभेत 'शिवायला इथे हात अनेक' म्हणताना माझा आवाज अचानक थांबला होता आणि लोकांना वाटलं होतं की मी भारावले. मला स्वतःची इतकी किळस आली की नंतर माइक हातात धरवेना.

नरसय्याबावा दुसऱ्या वर्षीच गेले होते. मी तेव्हा नागपुरात होते. परत आल्यावर भेटायला जाते जाते म्हणत गेले नाही, कारण गेल्यावर कुठल्या भाषेत बोलायचं हे मला ठरवता येत नव्हतं.

शेवटी एका मंगळवारी मी मशीन विकत घेतलं. चांगलं, पायाने चालणारं, लाकडी फळीचं. रिक्षात घातलं आणि पूर्व भागात गेले. चौकातला फलक फाटला होता. वरून कुठल्याशा क्लासची जाहिरात लागली होती, तिच्या कडेने अक्काच्या हिरव्या साडीची पट्टी दिसत होती.

ती दारातच बसली होती, मांडीवर सूप. केस पार पांढरे झाले होते. बोटं वाकडी, तरी विडी वळत होती. मला बघून तिने सूप बाजूला ठेवलं.

"कवा आलाव?" ती म्हणाली. "बसा की."

रिक्षावाल्याने मशीन आणि त्याबरोबरचं स्टूल खोलीत आणून ठेवलं. मी जमिनीवर बसले आणि तेलुगूत बोलायला लागले. तीन वर्षांत तोंडात न आलेली भाषा, पण एक शब्द अडला नाही. म्हणाले, "अक्का, मला सगळं कळलं होतं. स्टेजवरही कळलं होतं, घरी आलीस तेव्हाही. मी विसरले नव्हते, मी खोटं बोलले. तू साहेबांना सांगायला सांगितलंस आणि मी स्वतःचं सांगितलं. हे मशीन तुझं आहे. फार उशीर झाला, मला लाज वाटते." मी रडत होते. खरं सांगते, रडताना मला थोडं हलकंही वाटत होतं. आता ती उठेल, डोक्यावर हात ठेवेल आणि बुज्जी म्हणेल, असं मी धरूनच चालले होते.

अक्काने सगळं शांतपणे ऐकलं. मधे एकदा तंबाखूचा डबा बंद केला. मग उठली, साडीला हात पुसले आणि मशीनला वळसा घालून मागच्या स्टुलावर बसली. पदर दोन्ही खांद्यांवरून नीट घेतला.

"काढा फोटो," ती मराठीत म्हणाली. "लवकर काढा आन् न्या. मला कारखान्यावर विड्या द्यायला जायचंय."

ती टोमणा मारत असती तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. मी तेलुगूत पुन्हा पुन्हा सांगत होते की अक्का, फोटो नको, हे कोणी नेणार नाही, हे तुझंच आहे. ती मान हलवत होती. पाहुण्याचं मन राखायला हलवावी तशी.

उजवा हात तिने चाकावर ठेवला होता. नजर समोर, सरळ माझ्याकडे. आणि मी फोन बाहेर काढायची ती वाट बघत होती.